विश्वाच्या ताळेबंदातली तूट

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारला पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत आहे. पावसाळा सरला की पर्जन्यमापकाचे आकडे, विहिरींची पातळी, बंधाऱ्यांतला साठा हे सगळं ग्रामसभेपुढे येतं आणि त्यावरून यंदा कोणती पिकं घ्यायची ते ठरतं. हा हिशेब पहिल्यांदा पाहणाऱ्याला एक कोडं पडतं. पडलेल्या पावसाला गावाच्या क्षेत्रफळाने गुणलं की शिवारात आलेलं एकूण पाणी मिळतं. मग डोळ्यांना दिसणारं पाणी मोजायला घ्यावं, तर बंधारे, तळी, विहिरी सगळ्या मिळून त्या आकड्याच्या जवळपासही पोचत नाहीत. उरलेलं पाणी गेलं कुठे? बरंचसं मातीत ओल होऊन राहिलेलं असतं, काही मुरमातून खडकाच्या भेगांत उतरलेलं असतं, काही वाफ होऊन गेलेलं असतं, काही ओढ्याने गावाबाहेर. साठलेलं पाणी नजरेत भरतं, पसरलेलं भरत नाही.

खगोलशास्त्रज्ञांना असंच कोडं अख्ख्या विश्वाच्या बाबतीत पडलं होतं. ज्या द्रव्यापासून तारे, ग्रह, डोंगर, ज्वारीची कणसं आणि माणसं बनली, ते साधं द्रव्य विश्वात किती असायला हवं हे पक्कं ठाऊक होतं. मोजायला गेलं की त्यातलं निम्मंही धड सापडत नव्हतं. ही तूट भरून निघायला वीस-पंचवीस वर्षं गेली. अगदी अलीकडे, २०२० ते २०२५ या काळात, हिशेब बऱ्यापैकी जुळला. तो ज्या तऱ्हेच्या निरीक्षणांनी जुळला, तशी निरीक्षणं करणारी एक मोठी दुर्बीण पारनेर, संगमनेर आणि अकोले तालुक्यांना लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात, खोडदला, उभी आहे.

हे कृष्णद्रव्य नव्हे

विश्वातलं बेपत्ता द्रव्य म्हटलं की बहुतेकांच्या मनात कृष्णद्रव्य येतं. या लेखाचा विषय तो नाही, आणि दोन्हींची गल्लत झाली तर पुढचं काहीच लागणार नाही.

कृष्णद्रव्य कशाचं बनलं आहे हे आजही कुणाला माहीत नाही. त्याचं गुरुत्वाकर्षण जाणवतं, पण ते प्रकाश देत नाही, शोषत नाही, अडवत नाही. साधं द्रव्य म्हणजे आपल्या ओळखीचं. प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि इलेक्ट्रॉन यांचं बनलेलं, शाळेतल्या आवर्तसारणीत सामावणारं. युरोपच्या प्लांक उपग्रहाच्या मोजमापांनुसार विश्वातल्या एकूण ऊर्जा-द्रव्यात कृष्णऊर्जा सुमारे ६८ टक्के, कृष्णद्रव्य सुमारे २७ टक्के आणि साधं द्रव्य जेमतेम ५ टक्के. आपण बोलतोय ते या पाच टक्क्यांबद्दल. ते कशाचं बनलं हे नीट माहीत होतं, किती हेही माहीत होतं, फक्त पत्ता लागत नव्हता. म्हणून मला हे कोडं कृष्णद्रव्यापेक्षाही जास्त ओढून घेतं. कृष्णद्रव्य परकं आहे. हे आपलं आहे, आणि तेच सापडत नव्हतं.

पाऊस किती पडला?

ताळेबंदाची जमेची बाजू आधी पाहू. विश्वात साधं द्रव्य एकूण किती, हे कुणी कसं मोजलं? सगळं द्रव्य दिसत नसताना त्याचा एकूण आकडा सांगता येतो, ही गोष्ट पटायला जरा वेळ लागतो.

पहिला पुरावा ड्यूटेरियमचा. हायड्रोजनच्या अणुकेंद्रात एकटा प्रोटॉन असतो. त्याला एक न्यूट्रॉन चिकटला की ड्यूटेरियम होतं. महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत सगळं विश्व इतकं तापलेलं होतं की प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकमेकांवर आदळून ड्यूटेरियम बनत होतं, आणि ड्यूटेरियमच्या टकरीतून पुढे हेलियम. कण जितके दाटीने असतील तितक्या टकरी जास्त आणि तितकं ड्यूटेरियम हेलियममध्ये संपून जाणार. विश्व पसरत आणि थंड होत गेलं तशा या क्रिया थांबल्या. तेव्हा जे ड्यूटेरियम न जळता उरलं, तेच आजवर टिकून आहे. ताऱ्यांमध्ये ते नष्ट होतं, नव्याने फारसं बनत नाही. म्हणून जिथे तारे फारसे झालेच नाहीत अशा अतिदूरच्या, जुन्या वायूत ड्यूटेरियमचं प्रमाण मोजायचं. ते हायड्रोजनच्या लाख अणूंमागे सुमारे अडीच भरतं. त्यावरून उलट गणित केलं की सुरुवातीला दाटी किती होती, म्हणजेच साधं द्रव्य किती होतं, हे निघतं.

दुसरा पुरावा महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी सुटलेल्या प्रकाशाचा. तो आज सूक्ष्मलहरींच्या रूपात आकाशाच्या सगळ्या दिशांनी येतो आणि त्याचं तापमान जागोजागी अगदी किंचित कमीजास्त असतं. त्या काळी सगळ्या वायूत दाबाच्या लाटा उठत होत्या. साध्या द्रव्याचं वजन जितकं जास्त, तितका वायू जास्त दाबला जाई. त्या लाटांच्या खुणा आकाशाच्या नकाशात उरल्या आहेत, आणि त्यांच्या उंचसखलपणावरून साध्या द्रव्याचं प्रमाण काढता येतं.

पहिला पुरावा पहिल्या काही मिनिटांतला, दुसरा जवळपास चार लाख वर्षांनंतरचा. पद्धती वेगळ्या, मोजणारे वेगळे. तरी उत्तर एकच: सुमारे ५ टक्के. पुण्याच्या आयुका या संस्थेचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर यांनी महास्फोटाचा सिद्धांत कधी पूर्णपणे स्वीकारला नाही. फ्रेड हॉयल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत त्यांनी १९९३ मध्ये पर्यायी सिद्धांत मांडला होता. सिद्धांताची अशी कसून उलटतपासणी व्हायलाच हवी. परंतु ही दोन स्वतंत्र मोजमापं एकाच आकड्यावर येऊन थांबतात, हा महास्फोटाच्या बाजूचा फार भक्कम पुरावा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोजलं तेवढं भरेना

मग दुसरी बाजू मांडायची. १९९८ मध्ये मासाताका फुकुगिता, क्रेग होगन आणि जेम्स पीबल्स या तिघांनी विश्वातल्या साध्या द्रव्याचं रीतसर अंदाजपत्रक प्रसिद्ध केलं. याच पीबल्स यांना पुढे २०१९ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी तारे मोजले, ताऱ्यांमधला थंड वायू मोजला, दीर्घिकांच्या मोठ्या समूहांत अडकलेला क्ष-किरण सोडणारा तप्त वायू मोजला. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समुदाय. सगळे तारे मिळून साध्या द्रव्याच्या दहा टक्क्यांच्याही आत बसत होते. रात्रीच्या आकाशात जे जे चमकतं, ते एकूण जमेच्या दहाव्या हिश्शाएवढंही नाही.

गंमत म्हणजे फार जुन्या काळचा हिशेब जुळत होता. क्वेसार हे अतिदूरचे, अतितेजस्वी दीर्घिकांचे गाभे. त्यांचा प्रकाश आपल्याकडे येताना वाटेतल्या हायड्रोजनच्या ढगांतून जातो आणि प्रत्येक ढग त्या प्रकाशातून एक ठरावीक रंग शोषून घेतो. वर्णपटात अशा शेकडो बारीक काळ्या रेघा दिसतात. या रेघा वाचण्यात पुण्याच्या शास्त्रज्ञांचा हातखंडा आहे. आयुकाचे रघुनाथन श्रीआनंद यांनी सहकाऱ्यांसोबत २००० मध्ये अशाच रेघांवरून प्राचीन विश्वाचं तापमान काढलं होतं. विश्वातून येणाऱ्या प्रारणाचं आजचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर पावणेतीन अंशांच्या आसपास आहे. त्या काळी ते ६ ते १४ अंशांच्या दरम्यान होतं, असं त्यांना आढळलं. सिद्धांताची अपेक्षा सुमारे ९ अंशांची होती.

हजार-बाराशे कोटी वर्षांपूर्वीच्या विश्वात या रेघांवरून हायड्रोजन मोजला तर जमेची रक्कम जवळजवळ पूर्ण सापडते. द्रव्य होतं, दिसत होतं. नंतरच्या काळात रेघा विरळ होत गेल्या आणि हिशेबात भोक पडलं. मायकेल शल यांच्या गटाने २०१२ मध्ये जमाखर्च पुन्हा तपासला, तेव्हाही सुमारे ३० टक्के साधं द्रव्य कुठल्याच खात्यावर चढत नव्हतं, आणि जे चढवलं होतं त्यातही मोठी अनिश्चितता होती.

तापलेली ओल

द्रव्य नाहीसं होत नाही. मग रेघा का गेल्या?

रेन्यू सेन आणि जेरेमाया ऑस्ट्रायकर यांनी १९९९ मध्ये संगणकावर विश्वाची वाढ उभी केली आणि उत्तराचा अंदाज बांधला. गुरुत्वाकर्षणामुळे द्रव्य जिकडेतिकडे सारखं राहत नाही. ते लांबच लांब तंतूंमध्ये गोळा होतं, जिथे तंतू एकत्र येतात तिथे दीर्घिकांचे समूह होतात, आणि मधे प्रचंड पोकळ्या उरतात. अशा रचनेचं एक ठळक उदाहरण पुण्यातल्याच शास्त्रज्ञांनी शोधलं आहे. आयुकाचे जॉयदीप बागची आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये जाहीर केलेला ‘सरस्वती’ महासमूह मीन राशीच्या दिशेला सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे आणि ६० कोटी प्रकाशवर्षं पसरलेला आहे.

या तंतूंमध्ये वायू जोराने कोसळतो, एकमेकांवर आदळतो आणि तापतो. एक लाख ते एक कोटी अंशांपर्यंत. इतक्या उष्णतेत हायड्रोजनच्या अणूतला एकुलता इलेक्ट्रॉन सुटून जातो. हायड्रोजनची रेघ उमटते ती त्या इलेक्ट्रॉनमुळे. इलेक्ट्रॉनच गेला की रेघ कशी उमटणार? रेडिओ दुर्बिणी हायड्रोजन शोधतात तो त्याच्या २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरींवरून, आणि तीही अणू शाबूत असेल तरच निघते.

म्हणजे वायू होता तिथेच होता. एका बाजूला तो इतका तापला की जुन्या खुणा पुसल्या गेल्या, दुसऱ्या बाजूला इतका विरळ की स्वतःचे क्ष-किरण जेमतेम सुटावेत. किती विरळ? विश्वातलं सगळं साधं द्रव्य सारखं पसरलं तर चार घनमीटर जागेत सरासरी एक प्रोटॉन येतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोलीत सात प्रोटॉन. तंतूंमध्ये घनता याच्या दहापट-शंभरपट धरली तरी पृथ्वीवरच्या कुठल्याही निर्वात पंपाला साधणार नाही इतकी ती जागा मोकळी आहे. पण तंतूंची लांबी कोट्यवधी प्रकाशवर्षं आहे. शिवारातल्या ओलीचं जे, तेच इथे: मूठभर मातीत चिमूटभर पाणी, पण शिवार मोठं.

हा वायू थेट पाहायचे प्रयत्न झाले. २०१८ मध्ये फाब्रित्सिओ निकास्त्रो यांच्या गटाने एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण दुर्बिणीने एका दूरच्या तेजस्वी गाभ्याकडे बरेच दिवस रोखून पाहिलं आणि वाटेतल्या तप्त ऑक्सिजनच्या दोन पुसट रेघा मिळवल्या. त्या ऑक्सिजनच्या अणूतले आठपैकी सहा इलेक्ट्रॉन उडालेले होते. रेघा पुसट असल्याने त्यांच्या अर्थावर वाद राहिला. २०२५ मध्ये शॅप्ली महासमूहातल्या चार दीर्घिका-समूहांना जोडणारा एक तंतू क्ष-किरणांत स्वच्छ दिसला. २ कोटी ३० लाख प्रकाशवर्षं लांब, तापमान एक कोटी अंशांच्या वर, आणि वस्तुमान आपल्या आकाशगंगेच्या दसपट. पुरावा चांगलाच होता, पण एका तंतूवरून विश्वाचा हिशेब होत नाही. सगळीकडची ओल एकाच मापाने मोजता येईल असं साधन हवं होतं.

खोडदच्या तीस तबकड्या

कल्याण-नगर रस्त्यावर आळेफाट्याहून टाकळी ढोकेश्वरकडे निघालं की पारनेर तालुका लागतो. आळेफाट्याच्या दक्षिणेला, नारायणगावजवळ, खोडद. इथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने उभारलेली जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात मांडल्या आहेत. गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. एवढी मोठी तबकडी भरीव पत्र्याची केली तर वाऱ्याचा जोर आणि खर्च दोन्ही परवडले नसते. त्यांनी दोरांनी ताणलेली बारीक तारेची जाळी वापरली. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना जाळीची भोकं जाणवत नाहीत, वाऱ्याला मात्र वाट मिळते. भारतीय हवामानाला आणि भारतीय खिशाला साजेसा इतका नेमका विचार आपल्याकडच्या विज्ञानात मी फार कमी ठिकाणी पाहिला आहे.

दुर्बिणीचं नूतनीकरण होऊन आता तिला सुमारे १२० ते १४५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या लहरी ऐकता येतात. २०२० मध्ये आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या मदतीने एक अवघड मोजमाप केलं. आठशे कोटी वर्षांपूर्वीच्या एकट्या दीर्घिकेतून येणारी २१ सेंटिमीटरची लहर इतकी क्षीण असते की कुठल्याही दुर्बिणीला सहसा पकडता येत नाही. त्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र केले आणि सरासरी काढली. दीर्घिकांमधला अणुरूप हायड्रोजन किती, हे इतक्या जुन्या काळासाठी पहिल्यांदाच कळलं.

उत्तर विचार करायला लावणारं होतं. त्या दीर्घिकांमध्ये वायू भरपूर होता, पण तारे घडण्याचा वेगही अफाट. त्या वेगाने तो वायू एक-दोनशे कोटी वर्षांतच संपला असता. पुढे तारे घडवायचे तर बाहेरून वायू यायला हवा, आणि तो पुरेसा येईना म्हणून ताऱ्यांची घडण मंदावली, असा निष्कर्ष निघतो. दीर्घिकांच्या बाहेर किती वायू आहे हा प्रश्न त्यामुळे नुसत्या हिशेबाचा राहत नाही. आपला सूर्य ज्यातून घडला तो वायूही कधीतरी याच विरळ साठ्यातून आकाशगंगेत आला.

उशिरावरून मोजमाप

हवं असलेलं साधन अनपेक्षितपणे हाती आलं. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीच्या २००१ सालच्या जुन्या नोंदी चाळताना डंकन लॉरिमर आणि सहकाऱ्यांना एक विलक्षण प्रखर रेडिओ स्पंद सापडला. त्याची लांबी पाच सहस्रांश सेकंदाच्याही आत. २००७ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. असे स्फोट मग शेकड्यांनी सापडले. त्यांना शीघ्र रेडिओ स्फोट म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांवरून एफआरबी. २०२० च्या एप्रिलमध्ये आपल्याच आकाशगंगेतल्या एका चुंबकताऱ्याने, म्हणजे अतिप्रबळ चुंबकक्षेत्र असलेल्या मृत ताऱ्याच्या गाभ्याने, असाच स्फोट केला. त्यामुळे निदान काही स्फोटांचा उगम तरी कळला.

आपल्या कामासाठी मात्र स्फोट कशाने झाला याला फारसं महत्त्व नाही. त्याचं येणं महत्त्वाचं. स्फोटात सगळ्या वारंवारतांच्या रेडिओ लहरी एकाच क्षणी निघतात. पूर्ण पोकळीतून त्या एकाच क्षणी पोचल्या असत्या. पण वाटेत मोकळे इलेक्ट्रॉन असले तर लहर त्यांना हलवते आणि त्यात तिचा वेग किंचित कमी होतो. कमी वारंवारतेची लहर जास्त मागे पडते. वारंवारता निम्मी केली तर उशीर चौपट. म्हणून दुर्बिणीत आधी वरच्या वारंवारता येतात, खालच्या मागून. किती मागून, हे फक्त एकाच गोष्टीवर ठरतं: स्फोटापासून आपल्यापर्यंतच्या सरळ रेषेत मोकळे इलेक्ट्रॉन किती आहेत.

एक खरं उदाहरण घेऊ. एफआरबी २०१८०९१६बी हा स्फोट पुन्हा पुन्हा होतो आणि सुमारे १६ दिवसांच्या चक्राने जागा होतो. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे विश्वेश्वर राम मर्ती आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये जीएमआरटी ५५० ते ७५० मेगाहर्ट्झवर लावून त्याचे १५ स्पंद पकडले. या स्फोटाच्या लहरी ७५० वर पोचल्यानंतर ५५० वर पोचायला सुमारे सव्वादोन सेकंद लागतात. या लहरींचा प्रवास जवळपास पन्नास कोटी वर्षांचा, आणि वाटेतल्या इलेक्ट्रॉनांची नोंद त्या सव्वादोन सेकंदांत असते.

तप्त वायूची जी खोड आधी अडचणीची होती, तीच इथे उपयोगी पडली. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सुटल्यामुळे रेघ गेली होती, पण सुटलेला इलेक्ट्रॉन रेडिओ लहरीला उशीर करतोच. सुटलेल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे एक प्रोटॉन आहे, थोडी दुरुस्ती हेलियमसाठी. इलेक्ट्रॉन मोजले की साधं द्रव्य मोजलं. वायूचं तापमान किती, तो चमकतो की नाही, याची फिकीरच उरत नाही.

वजावट

पण उशिराचा सगळा भाग तंतूंच्या खात्यावर टाकता येत नाही. लहर शेवटी आपल्या आकाशगंगेतून येते, तिथले इलेक्ट्रॉन वजा करायचे. ती निघाली त्या दीर्घिकेतलेही वजा करायचे. वर सांगितलेल्या स्फोटाच्या सव्वादोन सेकंदांपैकी मोठा वाटा आपल्या आकाशगंगेचाच आहे, कारण तो तिच्या पट्ट्याजवळून दिसतो. म्हणून विश्वाच्या हिशेबाला दूरचे स्फोट लागतात, आणि ते नेमक्या कुठल्या दीर्घिकेतून आले तेही कळावं लागतं. दीर्घिका कळली की तिच्यावरून अंतर कळतं. अंतर आणि उशीर दोन्ही हाती आले तरच घनता निघते.

यजमान दीर्घिका, म्हणजे स्फोट जिथून आला ती दीर्घिका, समजून घेण्यात खोडदच्या दुर्बिणीचं काम मोलाचं आहे. बलप्रीत कौर, निस्सीम काणेकर आणि झेवियर प्रोचास्का यांनी २०२२ मध्ये याच एफआरबी २०१८०९१६बीच्या यजमान दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा नकाशा जीएमआरटीने काढला. त्यात दोन दीर्घिकांच्या नुकत्याच झालेल्या मीलनाच्या खुणा दिसल्या, आणि स्फोट करणारा तारा त्या उलथापालथीत जन्मला असावा असं मत त्यांनी मांडलं.

याच प्रोचास्का यांचा सहभाग असलेल्या एका शोधनिबंधाने २०२० मध्ये ताळेबंद जुळवला होता. त्याचे प्रमुख लेखक होते ज्याँ-पिएर माकार. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅस्कॅप दुर्बिणीने जागा निश्चित केलेले मोजके स्फोट घेऊन त्यांनी उशीर आणि अंतर यांचा मेळ घातला. निघालेली घनता ड्यूटेरियम आणि सूक्ष्मलहरींनी सांगितलेल्या आकड्याशी जुळली. पहिली काही मिनिटं, चार लाख वर्षं आणि आजचं विश्व, तिन्ही ठिकाणी तेच उत्तर. निबंध प्रसिद्ध झाल्यावर काही दिवसांतच माकार यांचं निधन झालं. उशीर आणि अंतराचं हे नातं आता त्यांच्याच नावाने ओळखतात.

एकूण जुळलं, तरी कुठे किती हे राहिलं होतं. २०२५ मध्ये लियाम कॉनर, विक्रम रवी आणि सहकाऱ्यांनी ६९ स्फोटांच्या आधारे तेही काढलं. काही स्फोटांच्या वाटेत दीर्घिकांभोवतालचा वायू येतो, काहींच्या येत नाही. त्या फरकावरून वाटणी ठरली.

> चौकट : साध्या द्रव्याची वाटणी (२०२५)
>
> दीर्घिकांच्या मधल्या विरळ वायूत सुमारे ७६ टक्के.
> दीर्घिकांच्या भोवती पसरलेल्या प्रभामंडळात सुमारे १५ टक्के.
> तारे, ग्रह आणि दीर्घिकांतला थंड वायू, सगळं मिळून उरलेले ९ टक्के.
>
> (ही टक्केवारी विश्वाच्या त्या ५ टक्के साध्या द्रव्याची. कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा यात धरलेली नाही.)

इतका वायू बाहेर कसा? गुरुत्वाकर्षण त्याला आत ओढत असताना? दीर्घिकांच्या केंद्रातली कृष्णविवरं आणि फुटणारे तारे वायूला पुन्हा बाहेर लोटतात, असं दिसतं. किती जोराने आणि किती लांबवर, यावर आज संशोधकांचं लक्ष आहे. त्यासाठी ६९ स्फोट पुरणार नाहीत, हजारो लागतील. जीएमआरटीवर ‘स्पॉटलाइट’ या प्रकल्पात असे स्फोट घडतील तसे पकडायचे आहेत. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये देशाला अर्पण झालेल्या तीन परम रुद्र महासंगणकांपैकी एक याच दुर्बिणीसाठी आहे.

शांततेची किंमत

सहस्रांश सेकंदाचा क्षीण स्पंद ओळखायला आसपास रेडिओ गोंगाट नको. मोबाइलचे मनोरे, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या, गाड्यांची यंत्रणा, सगळ्यांच्या लहरी आकाशातून येणाऱ्या लहरींपेक्षा कितीतरी जोरदार असतात. खोडदची जागा निवडली तेव्हा डोंगरांचा आडोसा आणि भागातली रेडिओ शांतता ही मोठी कारणं होती.

या शांततेची किंमत इथल्याच माणसांनी मोजली आहे. पुणे-नाशिक रेल्वेचा चाकण, नारायणगाव, संगमनेरमार्गे आखलेला सरळ मार्ग दुर्बिणीजवळून जातो म्हणून रेल्वे मंत्रालयाने बाजूला ठेवला आणि अहिल्यानगर-शिर्डीच्या बाजूने पर्याय पुढे आणला. संगमनेर आणि जुन्नरच्या लोकांनी वर्षानुवर्षं या रेल्वेची वाट पाहिली आहे आणि सरळ मार्गासाठी ते आजही आग्रही आहेत. त्यांची मागणी रास्त आहे. दुर्बिणीची गरजही खरी आहे. रूळ किती अंतरावरून न्यावेत, कुठे बोगदा किंवा आडोसा पुरेल, हे मोजमापांनी सुटणारे प्रश्न आहेत, आणि ती मोजमापं लोकांपुढे यायला हवीत. ज्यांच्या शिवारात ही दुर्बीण आहे, ज्यांची रेल्वे तिच्यासाठी थांबली, त्यांना ती नेमकं काय मोजते हे मराठीत, सविस्तर सांगणं हे शास्त्रज्ञांचं आणि आम्हा लिहिणाऱ्यांचं कर्तव्य आहे. ते आजवर पुरेसं झालेलं नाही.

दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या, सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं आणि दुर्बीण लोकांसाठी खुली होते. पारनेर, संगमनेर, अकोल्याच्या शिक्षकांनी मुलांना घेऊन तिथे जावं, मोबाइल बंद ठेवावा आणि तिथल्या शास्त्रज्ञांना रेल्वेपासून रेडिओ स्फोटांपर्यंत मनात येईल ते सगळं विचारावं.